नऊशे साठ पटके

धुळाप्पाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना ठसा नव्हता. म्हातारपणी कचेरीत कसल्याशा कागदावर बोटं उमटवायची वेळ आली, तर दोन जागी नुसते शाईचे गुळगुळीत गोळे. कारकून म्हणाला, "बाबा, बोटं कुठं विसरून आलात?" धुळाप्पा म्हणाला, "सोलापुरात. मार्शल लाच्या दिसांत."  बोलायला लागला असता तर कचेरीला कुलूप लागलं असतं तरी गोष्ट सरली नसती.

धुळाप्पा माळशिरसकडचा धनगर. लागोपाठ दोन वर्षं माळावर गवताची काडी उगवली नाही, तेव्हा मेंढरं थोरल्या भावाच्या हवाली केली आणि बायकोला, गोजाबाईला, घेऊन तो सोलापुरात घोंगडी विकायला आला. सात रस्ता चौकाच्या पलीकडं मोकळ्या जागेत बाळासोंचा तंबूतला सिनेमा होता. मुका सिनेमा तो. चित्रं हलायची, बोलायची नाहीत. दिव्याला वीज होती, पण फीत पुढं सरकवायची ती हातानं, दांडा फिरवून. दांड्यावर जो गडी होता त्याची एकच खोड. पडद्यावर लढाई लागली की त्याचाच हात चढायचा, आणि राजा माश्या हाकलल्यासारखी तलवार फिरवायचा. लोक हसून लोळायचे. बाळासो कपाळ बडवायचे.

एक दिवस बाळासोंनी पाहिलं, तंबूच्या दाराशी एक धनगर उभा आहे. डोळे पडद्यावर, हातात टकळी, आणि लढाई लागली काय, राणी मेली काय, टकळी एका लयीत फिरतेय. लोकरीचा धागा कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही.

"दांडा फिरवशील का रे?" बाळासोंनी विचारलं.

"मेंढरं सोडून बाकी काय बी फिरवीन, मालक. ती आपल्या मनानं फिरत्यात."

झालं. धुळाप्पा दांड्यावर बसला. पहिल्याच दिवशी बाळासोंनी त्याला जवळ घेऊन दम भरला. "ही फीत म्हणजे दारूगोळ्याची सख्खी बहीण. चालती आहे तोवर आपली. दिव्यापुढं एका जागी थांबली की पेटली. हात थांबवायचा झाला तर आधी ही पत्र्याची झडप पाडायची, मग थांबायचं. उलट केलंस तर तू, मी आणि तंबू, तिघांची एकच राख." त्या दिवसापासून धुळाप्पानं मशीनशेजारी एक घोंगडं पाण्यात भिजवून ठेवायला सुरुवात केली. ओली लोकर आगीला भीत नाही, उलट आगीलाच भिववते, हे धनगराला कुणी शिकवावं लागत नाही. पण भीती काही भिजली नाही. झोपेतही त्याचा हात फिरत असायचा. गोजाबाई तो धरून ठेवायची, तर हा दचकून उठायचा. "सोड, सोड! पेटंल!"

फीत तुटायची, तुकडे पडायचे. धुळाप्पा ते उजेडात धरून बघायचा. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. सगळी सारखी, पण सारखी नाहीत. एकीत राणीचा हात कमरेला, पुढचीत केसभर वर. अशी सोळा सरली की एक सेकंद. धुळाप्पा लहानपणापासून माळावरच्या खडकांवर कोळशानं मेंढरं काढायचा. त्याच्या मनात आलं, ही चित्रं फोटोच असली पाहिजेत असं थोडंच आहे? हातानं काढली तर?

टाकाऊ फीत त्यानं धुण्याच्या सोड्यात उकळून काचेसारखी कोरी केली आणि टाकानं शाई लावली. शाई तव्यावरच्या पाण्यासारखी पळाली. धुळाप्पाच्या खोलीच्या पुढं नीलम्माची सूत रंगवायची भट्टी होती. ती तेलुगू, तोंडानं फटकळ, मनानं साखर. ती म्हणाली, "अय्यो अण्णा, नुसत्या काचेवर रंग बसतो का? आम्ही सुताला खळ लावतो, तसं हिला काही तरी लाव की." धुळाप्पानं पातळ सरस लावून वाळवला. शाई बसली. मग पडद्यावर मेंढी चालण्याऐवजी टोळासारखी उड्या मारायला लागली, कारण चित्र प्रत्येक वेळी केसभर इकडंतिकडं पडत होतं. हातमागाच्या मोडक्या फणीचे दात काढून त्यानं पाटीवर ठोकले, फितीच्या कडेची भोकं त्यांत अडकवली, खाली काच, काचेखाली कंदील. मेंढी जमिनीवर आली. पण चालायची लंगडत. जन्म गेला मेंढरामागं, आणि कुठला पाय आधी पडतो ते ठाऊक नाही! मग शेजारची एक मेंढी आणून, तिचे खूर चुन्यात बुडवून, तिला चार दिवस अंगणात फिरवलं. नीलम्मा म्हणायची, "लोक देवामागं लागतात, हा मेंढीमागं." असं ते चालायचं. हाताला जमेना की अवजार बदलायचं, आणि अवजार बदललं की हाताला नवं शिकावं लागायचं.

सगळ्यात छळलं ते पटक्यानं. चित्रातला धनगर मेंढीपुढं चालायचा, डोक्याला रीतसर पटका. पण पटक्याचे पीळ नऊशे वेळा एकसारखे कोण काढणार? पडद्यावर ते पीळ वळवळायला लागले. गोजाबाईनं पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. "अगं बाई! अवं, त्येच्या डोस्क्यावर सरप हायती!"

धुळाप्पानं पीळ कमी केले. तरी वळवळ. शेवटी पटकाच काढला आणि दोन रेघांची साधी टोपी दिली. वर एक रेघ, खाली एक रेघ, मधली जागा कोरी. टोपी गप्प बसली.

कोरी म्हणजे पडद्यावर पांढरी, हे त्याच्या मनातही आलं नाही. का यावं? तो तीस सालचा एप्रिल होता.

सगळं मिळून एक मिनिट. नऊशे साठ चित्रं. धनगर येतो, डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवतो, तशी एक मेंढी येते, मग दुसरी, मग रांगच्या रांग त्याच्यामागं चालू लागते. बाळासोंनी पाहिलं आणि धुळाप्पाची पाठ थोपटली. मेच्या मध्यापासून दाखवायचं ठरलं. खेळांच्या यादीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'धनगर व मेंढरे, हाताने काढलेला हलता खेळ.'

आणि मे उजाडला. शहरात गोळीबार झाला, माणसं गेली, मग लष्कर उतरलं. मार्शल ला लागला. दिवस मावळला की घराबाहेर पाय नाही. चौघं एकत्र उभे दिसले की दंडुका. झेंडा नाही, मिरवणूक नाही, आणि डोक्यावर पांढरी गांधी टोपी दिसली की जागच्या जागी उतरवायची. काही जणांना नेलं ते परत आले नव्हते. ज्या शहरात गिरणीच्या भोंग्यावर पहाट व्हायची, तिथं आता बुटांच्या आवाजावर काळजाचा ठोका ठरायला लागला. तंबू बंद. बाळासो दिवसभर यादीकडं बघत बसायचे.

मंगळवारी दोन शिपाई आणि एक दुभाष्या तंबूत आले. दुभाष्याचं नाव रामहरी. कचेरीतला कारकून, साहेबाचं इंग्रजी मराठीत आणि लोकांचं मराठी इंग्रजीत करायचा, आणि दोन्हीकडून स्वतःच भ्यायचा. तो यादी घेऊन गेला आणि तासाभरानं परत आला.

"बाळासो, लष्कराचे इंग्रज साहेब परवा दुपारी स्वतः येणार. यादीतला एकूण एक खेळ बघणार. त्यांत गैर काही नसेल तर पुढं तंबू उघडायची परवानगी." मग गळा साफ करून, "आणि ते हातानं काढलेलं आहे ना, ते आधी दाखवा म्हणाले."

तो गेला आणि धुळाप्पा बाळासोंजवळ आला.

"मालक," तो म्हणाला, "त्येच्या डोस्क्यावर टोपी हाय."

"असू दे की."

"पांढरी हाय."

बाळासोंच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. पुढं पांढरी टोपी हलवणारा माणूस, मागं रांगेनं चालणारा जमाव. हातानं काढलेली मिरवणूकच ती! त्या दिवसांत नुसता झेंडा धरला म्हणून वर्षांच्या सजा होत होत्या. इथं तर माणसानं बसून, ठरवून, नऊशे साठ वेळा गुन्हा केला होता.

"जाळून टाक," बाळासो पुटपुटले.

"यादीत तुमच्या हातानं लिवलंय. कुटंय म्हणून इचारलं तर?"

"मग टोपी खरवडून काढ."

"डोस्कं बी जातंय की संगट."

"मग काळी कर!"

त्यानं दहा चित्रांवर काळ्या शाईचा थेंब दिला आणि दार लावून मशीनवर बघितलं. पडद्यावर धनगराच्या डोक्यावर काळी पिशवी चढली. मान खाली, डोकं काळ्या कापडात, चालतोय. धुळाप्पानं झडप पाडली. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. फासाच्या तक्त्याकडं माणसाला असंच नेतात, हे त्या महिन्यात सोलापुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. ती दहा डोकी खरवडून टोपीसकट नव्यानं काढली.

धुळाप्पा खोलीवर आला तेव्हा गोजाबाईनं भाकरी पुढं ठेवली. त्यानं हात लावला नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "पळून जाऊ या. भावजी हायती, मेंढरं हायती."

"आन मालकाला ठेवू त्येंच्या तावडीत? यादी मालकाच्या अक्षरात हाय, गोजा."

दारात नीलम्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भिंतीला कान नसले तरी नीलम्माला होते. "अण्णा, तुमच्याकडं धनगर टोपी कधीपासून घालायला लागले? पटका घालतात ना? तांबडा?"

"पटका वळवळतुया, नीलम्मा."

"पीळ काढू नको. नुसता रंग दे. शाई जाड, माझा रंग पाण्यासारखा, आरपार दिसतो. लुगड्याच्या काठाचा तांबडा. थोडा डिंक घाल, पसरणार नाही."

बुधवार उजाडला तो तांबडा. दार आतून बंद. पाटीवर फीत, खाली कंदील. बाभळीच्या काट्याच्या टोकाला लोकरीचा एक तंतू गुंडाळला, हा कुंचला. टोपी मोहरीच्या दाण्याएवढी. थेंब जरा मोठा झाला की धनगराचं तोंड रक्तानं माखायचं, आणि ते बघून गोजाबाईचा जीव खालीवर व्हायचा. एक टोक तो, एक टोक ती.  टेकवायचा, श्वास सोडायचा, पुढचं.

दुपारी बुटांचा आवाज आला. आधी लांबून, मग गल्लीच्या तोंडाशी. गोजाबाईनं कंदील विझवला आणि सगळी फीत उचलून लोकरीच्या ढिगात कोंबली. पावलं दारापाशी थांबली. कुणी तरी काडी ओढली. विडीचा वास फटीतून आत आला. आत दोघं एकमेकांचे हात धरून बसलेली, हातांना तांबडा रंग. दार उघडलं असतं तर वाटलं असतं, कुणाचा तरी खून करूनच बसलीत. गोजाबाईच्या ओठांवर बिरोबाचं नाव होतं, आवाज मात्र नव्हता. मग पावलं निघून गेली.

किती तरी वेळानं फीत बाहेर काढली, लोकरीचे तंतू झटकले, आणि पुढचं काम सुरू केलं. मावळतीच्या आत सगळे पटके चढले.

गुरुवारी दुपारी तंबूत खुर्ची एकच, साहेबाची. साहेब उंच, उन्हानं भाजलेला, कंटाळलेला. मागं रामहरी आणि चार शिपाई. धुळाप्पा फीत मशीनवर चढवताना सवयीनं बोटांतून सरकवत होता. दारातून उन्हाची तिरीप येत होती. मध्यावर एका जागी त्याची बोटं थबकली. तीन डोकी पांढरी. धनगर टोपी काढायला हात वर नेतो, नेमकी तिथली. काल पावलं दारात थांबली तेव्हा फीत जिथं सुटली, तिथून धरताना तीन चित्रं पुढं धरली होती.

रंग खोलीवर. साहेब खुर्चीत.  मग त्यानं स्वतःला समजावलं, सोळातली तीन. पापणी लवायच्या आत जातील.

"सुरू करा," रामहरी म्हणाला.

दांडा फिरला. काळ्या रेघांचा धनगर आला, आणि त्याच्या डोक्यावर तांबडा पटका! वळवळला नाही. जरासा थरथरला, दिव्याच्या ज्योतीसारखा. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तेवढाच एक रंग. त्या भीतीतही धुळाप्पाच्या मनात आलं, अरे, हे तर आधीपेक्षा चांगलं झालं. तेवढ्यात बाळासो त्याच्या कानाशी वाकले. त्यांचा श्वास गरम लागला.

"धुळा, घात झाला. तांबडं हलवतोय रे तो. लाल बावटा गिरणी कामगारांचा!"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. धुळाप्पाचा हात मात्र लयीत होता. ती तीन चित्रं आली, गेली. कुणाला कळलं नाही. मेंढरं रांगेनं गेली. झडप पडली. अंधार.

साहेब काही बोलला. रामहरीनं ते मराठीत केलं. "साहेब विचारतात, तो लाल काय हलवतो?"

"पटका, साहेब. मेंढरं लांब गेली की पटका हलवून बोलवत्यात. आमच्यात रीत हाय."

रामहरीनं सांगितलं. साहेब पुन्हा बोलला. "पुन्हा दाखव. आणि लाल वर जातं तिथं थांबव. नीट बघायचंय."

"थांबवलं की पेटतंय, रावसाहेब. त्येंना सांगा की."

रामहरी जवळ आला. "त्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. तुझी असेल तर तू सांग." असं म्हणून तो मागं सरला.

धुळाप्पानं फीत पुन्हा चढवली. हात चालत होते, डोकं त्याहून जोरात. पटका वर असताना थांबवलं तर ते चित्र जळणार, आणि लगतचा तुकडा साहेब हातात मागणार. हातात घेतला की त्या तीन पांढऱ्या टोप्या त्याच्या डोळ्यापुढं. सावकाश फिरवलं तर पडद्यावर दिसणार. दोन्हीकडून मरण. मग जळायचंच असेल तर जे जळायला पाहिजे तेच जळू दे.

दांड्याचा एक फेरा म्हणजे आठ चित्रं. चालत आलेल्या धनगराचे पाय थांबतात, तिथून दोन फेरे, मग ती तीन. पाय थांबले. एक फेरा. दुसरा.

धुळाप्पानं हात थांबवला. झडप पाडली नाही.

पडद्यावर धनगर थबकला. हात डोक्याकडं नेलेला, आणि डोक्यावर पांढरी टोपी. स्वच्छ, हातभर मोठी, सगळ्या तंबूला दिसेल अशी. अर्धा श्वास. धुळाप्पाला वाटलं, हे चित्र जन्मभर असंच राहणार. मग टोपीच्या मधोमध एक तपकिरी डाग फुटला, फुगला, त्याला कडा आल्या, आणि धनगराचं डोकं बुडबुड्यासारखं फुटून गेलं.

"आग!" बाळासो ओरडले.

धुळाप्पानं झडप पाडली, उघड्या बोटांनी पेटता तुकडा वरून तोडला, खालून तोडला, जमिनीवर टाकला आणि ओलं घोंगडं त्यावर लोटलं. घोंगड्यातून पिवळा धूर निघत राहिला. लोकरीचा करपट वास सुटला. हळूहळू थांबला. बोटं भाजल्याचं त्याला नंतर कळलं.

साहेब उठून उभा होता. धूर ओसरल्यावर मशीनपाशी आला, तुटलेलं टोक उचललं आणि दाराच्या उजेडात धरलं. एक एक चित्र सरकवत राहिला. तांबडा, तांबडा, तांबडा. मोहरीएवढा प्रत्येक. त्यानं काही विचारलं.

"सगळी हातानं काढलीस?" रामहरी म्हणाला.

"व्हय, साहेब."

साहेबानं धुळाप्पाच्या बोटांकडं पाहिलं, फितीकडं पाहिलं. मग ती ठेवली, यादीवर सही केली आणि खोकत बाहेर पडला. बाकीचे खेळ बघायला त्याला धुरात बसायचं नव्हतं.

रामहरी मागं रेंगाळला. शिपाई लांब गेल्याची खात्री करून हळूच म्हणाला, "धुळाप्पा, आग लागायच्या आधी... ते पांढरं काय होतं रे?"

 "उजेड, रावसाहेब."

 रामहरीनं स्वतःच्या डोक्यावरची काळी टोपी नीट केली. "व्हय," तो म्हणाला. "उजेडच असणार." आणि भरभर निघून गेला.

पावसाळ्यात तंबू उघडला. जळालेला तुकडा गाळून दोन टोकं चिकटवली होती, म्हणून मधली थोडी चित्रं नव्हती. धनगर हात वर न्यायला लागायचा आणि पापणी लवायच्या आत पटका डोक्यावरून गायब होऊन थेट हातात! लोकांना ती जादू वाटली. शिट्ट्या, टाळ्या, "पुन्हा, पुन्हा!" बाळासो धुळाप्पाला म्हणायचे, "लेका, पुढच्या खेळात अशा चार जागा मुद्दाम कर." धुळाप्पानं केल्याही. काय गाळलं की काय उडी मारतं, ते त्याला आता कळलं होतं.

पण या खेळाला ती जागा जवळ आली की तो डोळे मिटून घ्यायचा. हात फिरत राहायचा एका लयीत, टाळ्या पडायच्या, आणि पापण्यांच्या आत त्याला अजून ती पांढरी टोपी दिसायची. ती जळायच्या आधीचा तो अर्धा श्वास. साहेबानं तेव्हा काय पाहिलं होतं, हे त्याला कधी कळलं नाही.